घरकुलात सेन्सर लावायचे म्हणताय, तर

तुमचा प्रश्न मला जेवढा कळला तो असा. सोसायटीत चारशेच्या आसपास घरकुलं आहेत, निम्म्या घरांत बायका विडी वळतात, पुरुष लूमवर नाहीतर रिक्षावर, एका कंपनीचा सीएसआरचा (समाजकार्यासाठी काढलेला) पैसा मिळतोय आणि त्यांचं म्हणणं आहे की घरटी एक सेन्सर बसवा, टेम्परेचर-ह्युमिडिटी-हवा सगळं एका डॅशबोर्डवर दिसू दे, लोकांचं आरोग्य सुधारेल. मग कुठला सेन्सर घ्यावा, खर्च किती, वायफाय लागतं का.

सरळ सांगतो, चारशे घरांत लावू नका. बारा-पंधरा यंत्रं घ्या, ती फिरवा, आणि उरलेला पैसा हात लावू न देता बाजूला ठेवा, तो छताला चुना, खिडकीला जाळी आणि प्लंबर यासाठी लागणार आहे. कंपनीवाल्यांना हे आवडणार नाही कारण फोटोत चारशे यंत्रं चांगली दिसतात आणि चुन्याची बादली दिसत नाही, पण ते तुम्ही बघून घ्या.

मी मूळचा मिलमधला माणूस. सुताची आर्द्रता सांभाळणारा जो प्लांट असतो ना, त्याच्या मेंटेनन्सला होतो, तिथं ओला-कोरडा थर्मामीटर दर दोन तासाला बघून पाटीवर लिहायचं काम, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटतं आणि सूत तुटलं की सगळे ओरडतात. पुढे मिल गेली, मी सेन्सर आणि लॉगरच्या (आकडे साठवून ठेवणारं यंत्र) कामात आलो, आणि गेली आठ-नऊ वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूच्या वसाहतींमधे, विडी घरकुलात, इकडं-तिकडं घरांच्या आतली हवा मोजतोय. पहिल्या दोन वर्षांत मी पण तुमच्यासारखंच केलं होतं. चाळीस घरांत यंत्रं, मस्त डॅशबोर्ड, लाल-पिवळा-हिरवा. मे महिन्यात सगळा स्क्रीन लाल. मग एका अक्काच्या घरी गेलो, वरचा मजला, तिला मोबाईलवर दाखवलं की बघा तुमचं घर रात्री किती तापतंय. ती म्हणाली, "तुमच्या मशीनला आत्ता कळायलंय होय, मला पाच वर्षं झाली कळायलंय. मग आता काय करायलाय तुम्ही?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण प्रोजेक्टमधे 'मग काय' साठी एक रुपया ठेवला नव्हता.

म्हणून सेन्सरचं मॉडेल ठरवायच्या आधी एका कागदावर लिहून काढा की आकडा वाईट आला तर कोण उठणार, कुठल्या पैशातून, किती दिवसांत. हे लिहिता येत नसेल तर यंत्र घेऊ नका. इंग्लंडमधे सरकारी-संस्थांच्या भाड्याच्या घरांत असे सेन्सर लाखोंनी लावायची चर्चा चाललेली असते, त्याची जाहिरात वाचूनच बऱ्याचदा आपल्याकडं प्रस्ताव येतात. पण तिथं त्यामागं कायदा उभा आहे. रोचडेलमधे डिसेंबर २०२० मधे अवाब नावाचं दोन वर्षांचं पोर घरातल्या बुरशीमुळं गेलं, आई-बाप तक्रारी करून थकले होते. त्यावरून २०२३ मधे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नियम लागू झाले, गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की घरमालक संस्थेनं १० कामाच्या दिवसांत येऊन तपासायचं, जिवाला धोका असेल तर २४ तासांत. म्हणजे तिथं सेन्सर बोंबलला तर धावायला कोणीतरी बांधील आहे. आपल्याकडं पीएम आवासचं घर एकदा नावावर झालं की ते तुमचं, बहुतेक वेळा बाईच्या नावावर किंवा दोघांच्या, आणि मग पाईप गळो, छत तापो, तुम्हीच बघा. सोलापूरजवळ कुंभारीत २००६ मधे विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, परत जानेवारी २०२४ मधे रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या, एवढी मोठी कामगार वसाहत देशात क्वचित असेल. एवढ्या घरांत यंत्र लावायचं म्हणजे कोटींचा धंदा आहे, हेही लक्षात ठेवा, विकणारे येणारच.

आता सोलापूरच्या घरात नेमकं मोजायचं काय. इंग्लंडमधे थंडी आणि ओल, आपल्याकडं ऊन आणि बंद खिडकी. हा फरक डोक्यात नसेल तर तिकडची सॉफ्टवेअर इकडं काही कामाची नाहीत. त्यातली बरीच सॉफ्टवेअर 'भिंत थंड, हवा दमट, म्हणून बुरशी येईल' असा हिशोब करतात. आपल्याकडं भिंतीला जी ओल येते ती बहुतेक वेळा वरच्या मजल्याची मोरी गळते म्हणून, नाहीतर छतावर पाणी साचतं म्हणून. ह्युमिडिटीचा सेन्सर त्याबद्दल तुम्हाला शेंगा सांगणार नाही. त्यासाठी फुकटातली टेस्ट आहे. हातभर प्लास्टिकचा कागद त्या डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतीय, प्लंबर बोलवा. खोलीकडच्या अंगाला धरलं तर खोलीतल्या हवेची, खिडकी उघडा. मी हे करून दाखवलं की लोकांना सेन्सरपेक्षा जास्त मजा येते, खरं सांगतो.

मुख्य आजार रात्रीच्या उष्णतेचा आहे. एप्रिल-मेमधे बाहेर ४२-४३ अंश जातं हे सगळ्यांना माहीत, पण लोक दुपारबद्दल बोलतात आणि त्रास रात्री होतो. वरच्या मजल्याचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि ते तीन-चार तास उशिरानं खाली सोडतो, म्हणजे बाहेर सूर्य मावळला तरी तुमच्या डोक्यावर तवा तापलेलाच. एका घरात मे महिन्यात रात्री साडेदहाला आत ३७ आणि गच्चीवर ३१ मिळालं होतं मला, आणि त्या घरातली माणसं खिडक्या लावून झोपली होती. सहा अंशांनी गार हवा भिंतीपलीकडं आणि खिडकी बंद!

ही खिडकी का बंद, हे शोधायला मला एक उन्हाळा गेला. आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रोजेक्टची गोम इथंच आहे म्हणून जरा पसरून सांगतो. मी आधी समजायचो की चोरीची भीती, ती पण आहे तळमजल्याला. पण विचारलं तर दहातली आठ घरं म्हणाली, डास. डास कुठनं, तर ड्रममधनं. ड्रम का, तर शहराच्या बऱ्याच भागात नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांच्या खंडानं येतं, मग घरात दोन निळे ड्रम, एक टाकी, चार घागरी, बादल्या, जे असेल ते भरून ठेवायचं, आणि दिवसचे दिवस साठलेल्या पाण्यात डास मजेत वाढतात. मग खिडकी बंद, वर कॉईल पेटवायची. आता कॉईलचं असं आहे की २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं होतं, एक कॉईल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगरेटींएवढा बारीक धूर निघतो. बंद खोलीत. चार माणसं. म्हणजे बघा, पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक घरातल्या झोपेपर्यंत आणि खोकल्यापर्यंत कसं पोचतं. डॅशबोर्डवर काय दिसतं? 'रात्री पीएम (हवेतले बारीक कण) वाढला, सीओटू (कार्बन डायऑक्साईड) वाढला, टेम्परेचर वाढलं.' तीन लाल दिवे आणि कारण एकच, ड्रमला झाकण नाही.

त्या वर्षी उरलेल्या पैशातनं आम्ही बावीस घरांच्या खिडक्यांना जाळी मारली, वेल्क्रोवाली, धुता येणारी, आणि ड्रमला कापडी झाकण शिवून घेतलं, शिवणारी वसाहतीतलीच. जाळी लागली त्या घरांत रात्रीचा आकडा दोन-तीन अंशांनी उतरला आणि सीओटू तर धपकन पडला. सगळ्या घरांत नाही. पाच घरांनी जाळी लावून पण खिडकी उघडलीच नाही, एकीची सासू म्हणायची वारं लागतं, एक घर रस्त्याकडं तोंड करून, लोक आत डोकावतात. तिथं पडदा शिवून दिला मग उघडली.

सीओटूबद्दल एक गोष्ट समजून घ्या कारण यंत्र विकणारे यावर घाबरवतात. हजार-दोन हजार पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) सीओटूनं कोणी मरत नाही. बाहेरच्या हवेत साधारण ४२० असतं. सीओटू म्हणजे 'या खोलीत दुसऱ्याचा श्वास किती उरलाय' याची खूण, एवढंच. दहा बाय दहाची खोली, दार-खिडकी घट्ट लावून चार माणसं झोपली तर तासाला हजार-दीड हजारानं आकडा चढतो, फटीतनं थोडं निघून जातं म्हणून पहाटेपर्यंत अडीच-तीन हजारावर थांबतो. आकडा कमी म्हणजे हवा खेळती, म्हणजे धूर पण निघून जातोय, एखाद्याला टीबी असेल तर त्याची हवा पण साठत नाही. यासाठी सीओटू मोजायचं.

घेताना फसू नका. बाजारात 'एअर क्वालिटी सेन्सर' म्हणून जो एमक्यू-१३५ मिळतो आणि कॉलेजच्या पोरांच्या प्रत्येक प्रोजेक्टमधे असतो, तो सीओटू मोजत नाही. फोडणीला, अत्तराला, फिनेलला सगळ्याला उड्या मारतो. तसंच 'ईसीओटू' लिहिलेलं काहीही घेऊ नका, तो अंदाजपंचे आकडा असतो. एससीडी-४० किंवा ४१ सारखा, प्रत्यक्ष सीओटू मोजणारा घ्या, महाग आहे, पूर्ण यंत्र काही हजारांत जातं, म्हणून तर म्हणतो थोडेच घ्या आणि फिरवा. त्यात आपोआप कॅलिब्रेशन (आकडा स्वतःच जुळवून घेणं) असतं, ते असं धरून चालतं की आठवड्यातून एकदा तरी याला मोकळी हवा मिळाली. कायम बंद खोलीत ठेवलं तर ते बंद हवेलाच ताजी समजायला लागतं आणि आकडे खोटे गोड येतात. आठवड्यातनं एकदा सकाळी गच्चीवर सावलीत अर्धा तास ठेवा, चारशे-साडेचारशेच्या आसपास दाखवलं तर ठीक. आणि सेटिंगमधे उंची टाका, सोलापूर समुद्रापासून ४५० मीटरच्या वर आहे, टाकली नाही तर पाचेक टक्के कमी दाखवतो. हे कोणी करत नाही.

टेम्परेचर-ह्युमिडिटीला डीएचटी-११ नको. दोन अंशांची चूक त्याला माफ आहे, आणि आपण जो फरक शोधतोय तोच दोन अंशांचा. एसएचटी-३१ घ्या किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी. ईएसपी-३२ बोर्डवर (वायफायवाला लहानसा कॉम्प्युटर) स्वतः यंत्र बनवणार असाल तर सेन्सर बोर्डाच्या वर ठेवू नका, वायर काढून खाली लांब लोंबता ठेवा, बोर्ड स्वतः तापतो आणि डबीतली हवा तापवतो, माझी पहिली दहा यंत्रं घराऐवजी स्वतःचाच ताप मोजत होती. लावायच्या आधी सगळी यंत्रं एका खोलीत एका पाटावर दोन दिवस ठेवा. सगळ्यांचा आकडा जवळपास एक आला पाहिजे, जे वेगळं बोलतंय ते बाजूला. ह्युमिडिटीची परीक्षा मिठानं होते. झाकणाच्या टोपणात चमचाभर मीठ, वर थेंब-थेंब पाणी, रेतीसारखं ओलं होईल इतकंच, विरघळू द्यायचं नाही. ते आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला पाहिजे. मिठाचं ते गणित ठरलेलं आहे, उन्हाळा असो हिवाळा असो. पाच-सात टक्के इकडं तिकडं असेल तर लिहून ठेवा आणि वजा-बेरीज करा.

कुठं लावायचं: बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, आतल्या भिंतीला, फ्रीज-टीव्ही-शेगडीपासून लांब, पश्चिमेच्या भिंतीवर अजिबात नाही, देवघराजवळ नाही (उदबत्तीनं पीएम सेन्सर वेडा होतो). आणि त्यातला दिवा बंद करा किंवा वरून टेप मारा. लुकलुकणारी पांढरी डबी खोलीत आली की पहिला प्रश्न, कॅमेरा आहे का. एका घरात आजोबांनी आठ दिवस त्यावर टोपी अडकवून ठेवली होती. डबी उघडून आत काय आहे ते दाखवा सगळ्यांना, पोरांना हातात द्या.

विडीच्या घरांचं वेगळं आहे आणि इथं मी सगळ्यात मोठी चूक केली होती. आम्ही पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजणारा) लेझरवाला सेन्सर लावला, दुपारभर बाई सूप मांडीवर घेऊन विडी वळतीय, आणि यंत्र म्हणतंय हवा उत्तम. घनमीटरला ३०, ३५ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची दिवसाची मर्यादा ६०, म्हणजे पास. (डब्ल्यूएचओची १५ आहे, ती सोडा.) आणि बाई खोकतीय. मी त्या यंत्रावर विश्वास ठेवून रिपोर्टमधे लिहून पण टाकलं होतं की तंबाखूच्या धुळीचा प्रश्न फारसा दिसत नाही. लाज वाटते आता. झालं असं की हे स्वस्त लेझर सेन्सर धुराचे बारीक कण चांगले पकडतात, पण तंबाखूची धूळ जाडी, ती त्याच्या नजरेत येतच नाही. नाकात-घशात मात्र बरोबर जाते. यंत्राला दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, एवढं मला त्या बाईनं शिकवलं, ती म्हणाली उन्हाच्या तिरपीत बघा की ओ, आणि दाराच्या फटीतल्या उन्हात खरंच धूळ नाचत होती.

वर अजून एक, विडी वळताना पंखा लावता येत नाही. पत्ती उडते, तंबाखू उडतो, मजुरी हजार विड्यांवर आणि छाट (नापास विड्या) निघाली की नुकसान. म्हणजे ४० अंशांत पंखा बंद करून बसायचं. हा आकडा कुठल्या सेन्सरला कळणार? टेम्परेचर सारखंच, पण अंगाला वारा शून्य. तिथं उपाय म्हणून आम्ही काय-काय करून बघितलं. एक, बसायची जागा दारापाशी किंवा व्हरांड्यात, सकाळी एका बाजूला दुपारनंतर दुसऱ्या, सावली फिरते तशी. दोन, पाठीमागं खाली ठेवायचा लहान टेबल फॅन, पायाकडं वारा मारणारा, सुपाच्या पातळीच्या खाली, हे बऱ्याच जणींना जमलं. तीन, झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. झाडलं की जी धूळ बसली होती ती परत उठते, आणि हे मात्र पीएम सेन्सरवर पण दिसतं, काटा सरळ वर. एका पोरीनं आईला हे यंत्रावर दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत फडकं आलं. चार, तंबाखूचा साठा झाकणाच्या डब्यात आणि पोरं झोपतात त्या खोलीत नाही. दोन खोल्यांच्या घरात हे बोलायला सोपं, करायला अवघड, मला माहिती आहे.

कूलरबद्दल. एप्रिलमधे हवा इतकी कोरडी असते की ४० अंश आणि २० टक्के ह्युमिडिटी असली तर ओल्या थर्मामीटरवर २३ च्या आसपास दिसतं, कूलर हवा फार तर तिथवर गार करू शकतो, म्हणजे त्याला मोठा वाव आहे. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के असताना तोच ओला काटा २७ वर, कूलर नुसता चिकचिकाट करतो. तेव्हा ह्युमिडिटीचा आकडा लोकांना यासाठी शिकवा: पन्नासच्या खाली कूलर चालू, साठच्या वर नुसता पंखा. आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी पाहिजे, बंद खोलीत कूलर म्हणजे स्वतःला वाफवून घेणं. पण पाणी? परत ड्रम. आणि वीज? साधा कूलर दीडशे-दोनशे वॅटचा, दहा तास चालला तर दिवसाला दीड-दोन युनिट, महिन्याला पंचेचाळीस-साठ. शंभर युनिटच्या वर गेलं की दर वाढतो, त्यामुळं कितीतरी घरांत महिना अखेरीला कूलर बंद असतो. डॅशबोर्डवर वीस तारखेनंतर घरं जास्त तापलेली दिसायची आणि मी हवामान खात्याच्या नोंदी चाळत बसलो होतो. टेम्परेचर ४० च्या वर गेल्यावर फॅन गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा आधी अंगावर ओला टॉवेल, मग पंखा. टॉवेलला तर सोलापुरात तोटा नाही.

एक सेन्सर मात्र प्रत्येक घरात लावा म्हणेन, जिथं गॅस गीझर बाथरूममधे आहे तिथं. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म. सीओटू नव्हे, सीओ. त्याला वास नाही, रंग नाही, बंद मोरीत गीझर चालू असला की माणूस चक्कर येऊन पडतो आणि परत उठत नाही, दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. इलेक्ट्रोकेमिकल सेलवाला अलार्म घ्या, मागं एक्स्पायरी लिहिलेली असते ती बघा, पाच-सात वर्षांनी सेल मरतो आणि अलार्म गप्प लटकत राहतो. आणि अलार्मच्या आधी गीझर बाथरूमच्या बाहेर काढता येतो का ते बघा, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

वायफायचं विचारलंत. राउटर घरोघरी नाहीये, मोबाईलचा हॉटस्पॉट नवऱ्याबरोबर कामावर जातो. वीज गेली की बोर्ड बंद. म्हणून मी बॅटरीवरचा, स्क्रीन असलेला, आत मेमरी असलेला लॉगर पसंत करतो, पंधरा दिवसांनी जाऊन डेटा काढायचा. फारच हौस असेल तर लोरा (लांबवर पोचणारा, कमी विजेचा रेडिओ), ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडं विनापरवाना आहे, एका गच्चीवर एक गेटवे (सगळ्या यंत्रांचे आकडे गोळा करणारी पेटी) आणि बरीच वसाहत कव्हर होते. पण खरं काम वहीनं होतं. घरातलं आठवी-नववीतलं पोर सकाळी सात आणि रात्री दहाला स्क्रीन बघून दोन आकडे लिहितं, आणि शेजारी तिसरा रकाना: काल रात्री कितीदा जाग आली. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तुम्हाला आरोग्य सुधारायचंय ना, टेम्परेचर नाही. वसाहतीतल्या आशा सेविकांना विचारून बीपीवाल्या म्हाताऱ्यांची घरं आधी निवडा, तान्हं पोर असलेली निवडा, वरचा मजला, पश्चिमेचं टोक.

वही तेलुगुत पण छापा, काही गल्ल्यांत कन्नडमधे. आमची एक नवीन व्हॉलंटियर पुण्याची, तिनं एका अम्माला विचारलं घर कसं वाटतं, अम्मा म्हणाली "वेडि, वेडि", आणि ही घाबरून बाहेर आली की बाई मला वेडी म्हणतीय. तेलुगुत वेडि म्हणजे गरम. तो शब्द आता आमच्या फॉर्मवरच आहे.

आणि डेटा कुणाचा, हे आधी ठरवा. सीओटूच्या रेषेवरून कळतं घरात किती माणसं झोपतात, कधी नसतात, घर कुलूपबंद आहे का भाड्यानं दिलंय. एका ठिकाणी एका पदाधिकाऱ्यानं माझ्याकडं सरळ यादी मागितली होती, कुठली घरं रात्री रिकामी असतात. मी दिली नाही आणि ते काम माझ्या हातनं गेलं. त्यानंतर मी घर नंबर वहीतच ठेवतो, कॉम्प्युटरवर फक्त मजला आणि दिशा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, तो संमती घ्या म्हणतो, पण अंगठा घेऊन फॉर्म भरणं म्हणजे संमती नव्हे. 'नको' म्हणणाऱ्या घराला जाळी आणि चुना तेवढाच मिळाला पाहिजे, नाहीतर तो सौदा झाला.

आता वेळापत्रक. गड्ड्याची जत्रा झाली की जानेवारी अखेरीस यंत्रांची मिठाची परीक्षा उरकून घ्या. फेब्रुवारीत पंधरा घरांत लावा, पंधरवड्यानं त्यातली बहुतेक यंत्रं दुसऱ्या घरांत, आधीची काही तशीच ठेवा तुलनेला. होळीपर्यंत कळेल कुठले स्लॅब जास्त तापतात. मग चुना. आम्ही ज्या छतांना मारला तिथं स्लॅबच्या आतल्या अंगाला चार-पाच अंश आणि खोलीच्या हवेत दीड-दोन अंशांचा फरक पडला, फार नाही, पण रात्री एकला येणारी झोप अकराला आली असं वहीतनं दिसलं. एका बिल्डिंगच्या निम्म्याच छताला मारा, उरलेलं निम्मं एप्रिल अखेरीपर्यंत तसंच ठेवा, म्हणजे खालच्या घरांचे आकडे समोरासमोर दिसतील आणि कंपनीला दाखवायला पण होतील. मग तेही रंगवा, मेमधे ठेवू नका तापत.

चुना मारताना आधी छत झाडून धुऊन घ्या, भेगा सिमेंटनं बुजवा, नाहीतर पावसात गळतीचा दोष चुन्यावर येतो. चुना आदल्या रात्री भिजत घालून गाळून घ्यायचा, त्यात पांढरं सिमेंट आणि थोडा डिंक, फेविकॉल चालतो. डोळ्याला गॉगल, हाताला मोजे, चुना भाजतो. दोन हात, पहिला उभा दुसरा आडवा, ऊन उतरल्यावर, कारण तापल्या स्लॅबवर मारला की लगेच वाळून पावडर होते. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायला लागतं, तेव्हा काम नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशीच काढा.